पॉइंट मुगूचा टँकर अपघात आणि वाचलेले तिघे: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

इंधनाने भरलेलं टँकर विमान उड्डाण करता करता कोसळलं, जळून गेलं आणि आतले तिघेही किरकोळ जखमांवर निभावले. १८ मे २०११ ची ही घटना आहे, कॅलिफोर्नियातल्या पॉइंट मुगू या अमेरिकन नौदलाच्या तळावरची. ‘नशीब’ म्हणून ती सोडून देता येते. पण तपास अहवालातल्या बाबी नीट लावून पाहिल्या तर नशिबाचा वाटा किती आणि इतर गोष्टींचा किती, हे बऱ्यापैकी वेगळं काढता येतं. वाचक या अपघाताबद्दल आणि एकूणच टँकर विमानांबद्दल जे विचारतात, त्याची उत्तरं इथे आहेत.

नेमकं काय घडलं?

सायंकाळी साडेपाचच्या सुमाराला ‘ओमेगा ७०’ या सांकेतिक नावाचं विमान २१ क्रमांकाच्या धावपट्टीवरून निघालं. समुद्रावर नौदलाच्या एफ/ए-१८ लढाऊ विमानांना हवेत इंधन द्यायचं होतं. कॉकपिटमध्ये तिघे होते: कॅप्टन, सहवैमानिक आणि फ्लाइट इंजिनिअर. उजवीकडून झोतांचा आडवा वारा होता.

चाकं जमिनीवरून सुटली आणि विमान जेमतेम वीस फूट वर गेलं असेल, तेवढ्यात तिघांनाही मोठा आवाज ऐकू आला. दोन नंबरच्या इंजिनाचा थ्रस्ट लिव्हर, म्हणजे इंजिनाची ताकद कमी-जास्त करणारा दांडा, कुणी हात न लावता सर्रकन मागे गेला, अगदी शेवटच्या खाचेपर्यंत. विमान डावीकडे ओढलं जाऊ लागलं. कॅप्टनने उजवा रडर, म्हणजे शेपटावरचा नाक डावी-उजवीकडे वळवणारा उभा पडदा, पूर्ण दाबला आणि एलेरॉनही, म्हणजे विमान कुशीवर कलवणारे पंखावरचे पडदे, जवळजवळ पूर्ण उजवीकडे दिला. पंख सपाट झाले, पण डावीकडे सरकणं थांबेना आणि विमान वर चढेल अशी चिन्हं दिसेनात. त्याने नाक खाली घेऊन विमान पुन्हा धावपट्टीवर टेकवलं. ते काही वेळा आपटलं, डावीकडे धावपट्टी सोडून गेलं, टॅक्सीवे ओलांडून खाऱ्या पाण्याच्या दलदलीत जाऊन थांबलं. सरळ, पोटावर. मग आग.

कॉकपिटमधल्यांना त्या क्षणी एवढंच कळलं होतं की दोन नंबरचं इंजिन गेलं. प्रत्यक्षात ते विमानापासून सुटून पडलं होतं, आणि त्याच डाव्या पंखावरच्या एक नंबरच्या इंजिनाचीही ताकद गेली होती.

हे लष्करी विमान होतं का?

काम लष्करी, विमान खासगी. ओमेगा एरियल रिफ्युएलिंग सर्व्हिसेस ही कंपनी अमेरिकन नौदलाशी करार करून टँकर पुरवते. विमान होतं बोइंग ७०७-३२१बी, १९६९ च्या बांधणीचं. पहिली मालक पॅन अमेरिकन, म्हणजे आयुष्याची सुरुवात प्रवासी नेण्यात गेलेली. पुढे त्याच्या शेपटाकडे रबरी नळी आणि तिच्या टोकाला टोपलीसारखा ड्रोग बसवून टँकर केलं गेलं.

नौदलाला खासगी टँकर का लागतो, हाही प्रश्न येतो. अमेरिकन हवाई दलाची विमानं ‘बूम’ने, म्हणजे टँकरमधून खाली येणाऱ्या ताठ दांड्याने इंधन घेतात. नौदल आणि मरीन कोअरची विमानं स्वतःची प्रोब, म्हणजे बाहेर आलेली इंधन घ्यायची नळी, ड्रोगमध्ये घुसवून घेतात. हवाई दलाचे टँकर आधीच कामात गुंतलेले असतात, आणि सरावासाठी दर वेळी त्यांच्याकडे रांग लावण्यापेक्षा कराराचं विमान सोयीचं पडतं.

या खासगी-सरकारी मिश्रणातून एक कायदेशीर गुंता तयार होतो. अमेरिकन कायद्यात सरकारी कामावर असलेलं विमान ‘सार्वजनिक विमान’ धरलं जाऊ शकतं, आणि तसं धरलं की नागरी विमान वाहतूक प्रशासनाची, म्हणजे एफएएची देखरेख बरीच सैल होते. मग ती जबाबदारी काम देणाऱ्या खात्याकडे जाते. खातं ती किती निभावतं, हा पुढचा प्रश्न. राष्ट्रीय वाहतूक सुरक्षा मंडळ, म्हणजे एनटीएसबी, ही अमेरिकेतली स्वतंत्र तपास संस्था. तिने २०११ च्या अखेरीस नेमक्या याच विषयावर जाहीर चर्चासत्र भरवलं होतं.

इंजिन विमानापासून गळून पडतंच कसं?

७०७ ची इंजिनं पंखाच्या आत नसतात. पंखाखाली पुढे काढलेल्या एका खांबासारख्या भागाला ती टांगलेली असतात, त्याला पायलन म्हणतात. पायलन पंखाच्या आतल्या तुळयांना, म्हणजे स्पारना, मोजक्याच धातूच्या जोडांनी जखडलेला असतो. त्यातले पायलनच्या स्वतःच्या मधल्या तुळईवरचे जोड म्हणजे मिडस्पार फिटिंग. इंजिनाचं वजन जवळपास दोन टन. पूर्ण ताकदीवर त्याचा जोर आठ टनांच्या आसपास. हा सगळा भार त्या मोजक्या जोडांतून पंखात जातो.

प्रत्येक उड्डाणाला भार चढतो, उतरताना कमी होतो, वादळी हवेत हेलकावतो. एकेक भार जोड सहज पेलतो. पण तार एकाच जागी पुन्हा पुन्हा वाकवली की शेवटी कसलाही जोर न लावता तुटते, तसंच इथे होतं. सूक्ष्म तडा पडतो, हजारो उड्डाणांत तो तसूतसूने वाढतो, आणि एके दिवशी उरलेला धातू नेहमीच्याच भाराला अपुरा पडतो. बहुतेक वेळा हा दिवस उड्डाणाचाच असतो, कारण इंजिन सर्वांत जास्त जोर तेव्हाच लावतं. पॉइंट मुगूला दोन नंबरच्या पायलनचं मिडस्पार फिटिंग असंच तुटलं.

पायलनची रचना करताना असाही विचार केलेला असतो की जोर हाताबाहेर गेला तर इंजिन सुटावं, पण पंख फाटू नये, कारण पंखात इंधनाच्या टाक्या असतात. त्यामुळे इंजिन सुटणं हीच सर्वांत वाईट गोष्ट असते असं नाही. ते सुटून कुठे जातं, ते जास्त महत्त्वाचं.

एक इंजिन तुटलं, मग दुसरं का गेलं?

इंजिनांचे क्रमांक डावीकडून मोजतात. एक नंबर डाव्या पंखाच्या टोकाकडे, दोन नंबर त्याच पंखावर धडाकडे. दोन नंबरचं इंजिन पूर्ण ताकदीवर फिरत असताना त्याचा एक जोड सुटला. ते सरळ खाली पडलं नाही, डावीकडे वळलं आणि एक नंबरच्या तोंडावर जाऊन आदळलं. त्याचीही ताकद गेली.

हे पहिल्यांदा घडत नव्हतं. ३१ मार्च १९९२ ला लक्झेंबर्गहून नायजेरियातल्या कानोकडे निघालेलं एक मालवाहू ७०७ फ्रान्सवरून जात होतं. त्याचं उजव्या पंखावरचं आतलं इंजिन सुटलं आणि बाहेरच्या इंजिनाला घेऊन गेलं. वैमानिकांनी पंखाला आग लागलेल्या अवस्थेत इस्त्र इथल्या हवाई तळावर विमान उतरवलं आणि पाचही जण वाचले. महिनाभरातच मायामीला आणखी एका मालवाहू ७०७ बाबत जवळपास तसंच झालं, तेही परतून उतरलं. त्याच वर्षी ४ ऑक्टोबरला ॲम्स्टरडॅमला एल अल या इस्रायली कंपनीच्या मालवाहू ७४७ चं तीन नंबरचं इंजिन चार नंबरवर आदळलं. ते विमान उंच निवासी इमारतींवर कोसळलं आणि विमानातले व जमिनीवरचे मिळून ४३ जण गेले. ७४७ चा पायलन वेगळा, त्यातल्या जोडांचा प्रकारही वेगळा. पण आतल्या इंजिनाने बाहेरच्याला घेऊन जाणं मात्र तेच.

म्हणजे धोका माहीत होता. मग तो जोड बदलला का नव्हता?

या अपघातातला सर्वांत अस्वस्थ करणारा भाग हाच आहे, इंजिन तुटण्यापेक्षाही.

जुन्या बनावटीचं मिडस्पार फिटिंग तडकतं हे माहीत होतं. जास्त टिकाऊ बनावटीचं नवं फिटिंग उपलब्ध होतं. एफएएने १९९३ मध्ये सक्तीचा आदेश काढून जुनं काढा, नवं बसवा असं सांगितलंही होतं. अशा आदेशाला एअरवर्दीनेस डायरेक्टिव्ह म्हणतात, आणि तो पाळल्याची नोंद विमानाच्या कागदपत्रांत करावी लागते. विमान विकलं गेलं की ते कागद नव्या मालकाकडे जातात.

या विमानाच्या कागदांत नोंद होती: आदेशाप्रमाणे नवं फिटिंग बसवलं. एका आधीच्या मालकाच्या काळातली नोंद. पंखाखाली मात्र जुनंच फिटिंग होतं.

एनटीएसबीने अपघाताचं कारण नोंदवताना दोन गोष्टी शेजारी शेजारी ठेवल्या. एक, तडकण्याची प्रवृत्ती असलेलं आणि आदेशानुसार बदलायला हवं होतं ते फिटिंग तुटणं. दुसरी, ते बदलल्याची चुकीची नोंद. ती नोंद नुसती चुकीची राहत नाही, ती पुढच्या प्रत्येक माणसाला गाफील ठेवते. कागदावर जुनं फिटिंग दिसत असतं तर त्याच्या तड्यांची ठरावीक अंतराने तपासणी चालू राहिली असती. नवं बसवल्याचं लिहिलं की त्या तपासणीतून विमानाची सुटका होते. मेकॅनिक समोरच्या यादीप्रमाणे काम करतो, आणि यादीत हे कलम पूर्ण झालेलं होतं.

नोंद मुद्दाम खोटी केली की गफलत झाली? हेतूबद्दल ठाम बोलायला अहवालातलं ते निदान पुरत नाही, आणि माझ्या मते इथे तो प्रश्न दुय्यम आहे. विमान तीन-चार मालकांच्या हातून गेलेलं असेल तेव्हा एखाद्या नोंदीवर विश्वास टाकायचा की पॅनेल उघडून तो भाग स्वतः बघायचा, हा प्रश्न विकत घेणाऱ्यासमोर उभा राहतोच. बघणं महाग पडतं.

उरलेल्या दोन इंजिनांवर विमान उडू शकलं नसतं का?

त्या क्षणी नाही. चार इंजिनांचं विमान उड्डाणाच्या वेळी एक इंजिन गेलं तरी वर चढत राहील, अशी त्याची पात्रता तपासलेली असते. एकाच बाजूची दोन गेली तर चढत राहील, अशी हमी कुणी देत नाही.

नुसती ताकद अर्धी होते असं नाही. उजवीकडची दोन इंजिनं पूर्ण जोरात ढकलत असतात, डावीकडे काहीच नसतं, त्यामुळे नाक डावीकडे वळतं. ते धरून ठेवायचं रडरने, आणि रडरचा जोर वेगावर अवलंबून असतो. जड टँकर नुकताच सुटलेला असतो तेव्हा वेग रडरला पुरेल इतका नसतो. उजवीकडची ताकद कमी केली तर वळणं थांबतं, पण मग उडायला ताकद उरत नाही. शिवाय दोन नंबरचं इंजिन नुसतं बंद पडलेलं नव्हतं, उपटून निघालेलं होतं. असा पंख उचलतोही कमी.

इस्त्रच्या वैमानिकांना दोन इंजिनं नसताना विमान उतरवता आलं ते उंचीमुळे. ते हजारो फूट वर होते. उंची विकून वेग मिळवता येतो आणि विचार करायला मिनिटं मिळतात. पॉइंट मुगूला उंची वीस फूट होती.

‘व्ही-वन’ ओलांडल्यावर उड्डाण सोडायचं नसतं ना? मग कॅप्टनने नियम मोडला का?

व्ही-वन हा निर्णयाचा वेग. त्याच्या आत काही बिघडलं तर थांबायचं. तो ओलांडला की उडायचंच आणि वर जाऊन प्रश्न सोडवायचा, कारण उरलेल्या धावपट्टीत थांबता येईलच याची खात्री नसते. वैमानिकाच्या अंगात हा नियम इतका मुरवलेला असतो की तो मोडायला जास्त धैर्य लागतं.

पण नियमाच्या पोटातच एक अपवाद आहे: विमान उडण्याच्या स्थितीतच नाही असं वाटलं तर थांबा. कॅप्टनने नेमकं तेच ओळखलं, तेही दोन इंजिनं गेल्याचं माहीत नसताना. त्याच्या हाताखाली रडर संपला होता, एलेरॉन जवळजवळ संपला होता, आणि विमान तरीही सरकत होतं. एवढी माहिती पुरेशी होती.

एक आकडा इथे उपयोगी आहे. आवाज झाला तेव्हा विमान धावपट्टीवर सुमारे सात हजार फूट पुढे आलेलं होतं आणि पूर्ण धावपट्टी अकरा हजार फुटांहून थोडी जास्त आहे. म्हणजे समोर अजून चार हजार फूट काँक्रीट होतं. थांबायला ते पुरलं नाही, पण आदळण्याऐवजी टेकायला पुरलं. आखूड धावपट्टीच्या तळावर हाच कॅप्टन, हाच निर्णय, आणि निकाल वेगळा लागला असता.

इतकं इंधन असून स्फोट का झाला नाही?

चित्रपटांनी करून ठेवलेला हा समज. विमानाचं इंधन केरोसीनच्या जातीचं असतं, पेट्रोलसारखं चटकन पेटणारं नाही. द्रवरूपात ते जळत नाही, जळते त्याची वाफ किंवा हवेत उडालेला तुषार. विमान मोठ्या वेगाने तिरपं आदळून चिंधड्या झाल्या की टाक्या फुटतात, सगळं इंधन एकदम तुषार होऊन उडतं, आणि आपण बातम्यांत पाहतो तो आगीचा गोळा तयार होतो.

इथे विमान सपाट टेकलं आणि घासत गेलं. टाक्या आणि नळ्या फाटल्या, इंधन गळलं, पेटलं, आणि आग मोठी लागली. धडाचा वरचा भाग जळून गेला. पण ती पसरत गेलेली आग होती. विमानाला वाचवण्याइतकी ती हळू नव्हती, माणसांना दारापर्यंत पोचू देण्याइतकी होती.

मग तिघे बाहेर कसे पडले?

पुढच्या दारातून, आणीबाणीच्या घसरगुंडीवरून. आग धडात कॉकपिटच्या मागे शिरलेली होती, त्यामुळे हातात वेळ फार नव्हता.

माझ्या मते तीन गोष्टींनी हात दिला. विमान उलटलं नाही, म्हणून दार आणि घसरगुंडी दोन्ही वापरता आली. थांबलं ते दलदलीत. मुगूच्या खाडीलगत मऊ चिखलाची सपाट जमीन आहे आणि त्या वाटेत इमारती नव्हत्या. आणि तिसरी, टँकरच्या रचनेतलीच एक गोष्ट: माणसं सगळी पुढे, इंधन मध्ये आणि मागे. प्रवासी ७०७ असतं तर पंखाच्या वर आणि मागे दीडशे माणसं बसलेली असती, आणि त्यांना हाच मार्ग मिळाला असता असं म्हणवत नाही.

उतरण्याआधी इंधन टाकून का दिलं नाही?

इंधन सोडायला मिनिटं लागतात. या उड्डाणाला मिनिटं नव्हती.

टँकरमध्ये पॅराशूट किंवा इजेक्शन सीट का नसते?

हा प्रश्न सर्वांत जास्त येतो. त्यामागे गृहीत असतं की लष्करी विमान म्हणजे खटका ओढला की सीटसकट बाहेर. टँकरच्या बाबतीत ते खरं नाही.

बहुतेक टँकर हे मुळात प्रवासी किंवा मालवाहू विमानाचे भाऊबंद. वर धडाचं पक्कं छप्पर, दोन-चार जण वेगवेगळ्या जागी, आणि बूम चालवणारा तर अमेरिकन हवाई दलाच्या जुन्या केसी-१३५ टँकरमध्ये शेपटाकडे पोटावर झोपून काम करतो. सगळ्यांना इजेक्शन सीट द्यायची तर विमानच नव्याने बनवावं लागेल. केसी-१३५ मध्ये पॅराशूट होते, कॉकपिटजवळच्या खालच्या झाकणातून उडी मारायची सोयही होती. पण मोठं विमान हाताबाहेर गेल्यावर गिरक्या घेतंय आणि आपण पॅराशूट चढवून झाकणापर्यंत सरपटतोय, हे प्रत्यक्षात क्वचितच जमतं. पॅराशूटची देखभाल आणि प्रशिक्षण यांचा खर्च मात्र रोजचा. अमेरिकन हवाई दलाने २००८ मध्ये केसी-१३५ मधले पॅराशूट काढायला घेतले. मला हा निर्णय ऐकायला जितका निष्ठुर वाटला तितका तो नाही. वापरता न येणारं साधन जवळ असलं की माणूस विमान वाचवायचं सोडून त्याच्या मागे लागू शकतो.

फरक मात्र किती मोठा पडतो हे १७ जानेवारी १९६६ ला दिसलं. स्पेनमधल्या पालोमारेस गावाजवळ बी-५२ बॉम्बर आणि केसी-१३५ इंधन देता-घेताना एकमेकांवर आदळले. बॉम्बरमधल्या सात जणांपैकी चार वाचले. टँकरमधले चौघेही गेले. या अपघाताची आठवण निघते ती बॉम्बरमधून पडलेल्या चार हायड्रोजन बॉम्बमुळे. टँकरच्या चौघांचा उल्लेख एका ओळीत संपतो.

ब्रिटिशांच्या व्हिक्टर टँकरमध्ये तर एकाच विमानात दोन न्याय होते. ते मूळचं बॉम्बर, त्यामुळे दोन वैमानिकांना इजेक्शन सीट, आणि मागे बसणाऱ्या तिघांना नाही. त्यांनी दारातून उडी मारायची. मार्च १९७५ मध्ये उत्तर समुद्रावर एका व्हिक्टरला बुकॅनियर विमानाची धडक बसली. पाचांपैकी एकटा वैमानिक वाचला, इजेक्शन सीटवरून.

हवेत धडक होऊनही टँकरमधले सगळे वाचले, असं कधी झालंय का?

हो. २९ सप्टेंबर २०२० ला, पुन्हा कॅलिफोर्नियातच. मरीन कोअरचा केसी-१३०जे टँकर, ‘रेडर ५०’ या सांकेतिक नावाचा, एका एफ-३५बी ला इंधन देत असताना लढाऊ विमान त्याच्या उजव्या बाजूवर आदळलं. एफ-३५ चा वैमानिक इजेक्शन सीटने बाहेर पडला आणि वाचला. टँकरमध्ये आठ जण होते, त्यांच्याकडे असा मार्ग नव्हता. उजवीकडची दोन्ही इंजिनं गेली, इंधन गळू लागलं. नियंत्रण कक्षाला दिलेल्या निरोपात वैमानिक म्हणतो की हवेत टक्कर झाली, दोन इंजिनं बंद, इंधन गळतंय, बहुधा आगही लागली आहे आणि आम्ही झपाट्याने खाली येतोय. आवाज एखादा पत्ता सांगावा इतका सपाट. थर्मल या गावाजवळ शेतात त्यांनी विमान पोटावर उतरवलं. आठही जण वाचले.

पॉइंट मुगूशी तुलना केली की साम्य दिसतं: एका बाजूच्या दोन्ही इंजिनांची ताकद नाही, सुटकेचं साधन नाही, तरी पंख सपाट ठेवून जमिनीवर यायचं. फरकही आहेत. यांच्याकडे उंची होती, म्हणून शेत निवडता आलं. आणि केसी-१३०जे चे पंख धडाच्या वर असतात. पोटावर घासताना इंजिनं आणि पंखातल्या टाक्या जमिनीपासून दूर राहतात. ७०७ चे पंख खाली, इंजिनं त्याहून खाली; ते पोटावर उतरलं की आधी तीच जमिनीला लागतात.

सगळेच असे वाचत नाहीत. एखादं उलट उदाहरण?

३ मे २०१३. किरगिझस्तानातल्या मनास तळावरून अफगाणिस्तानच्या मोहिमेसाठी निघालेला केसी-१३५, सांकेतिक नाव ‘शेल ७७’. रडरच्या यंत्रणेतल्या बिघाडामुळे विमान डच रोलमध्ये गेलं, म्हणजे नाक डावी-उजवीकडे आणि पंख वर-खाली असं लयीत डोलू लागलं. ते आवरताना वापरलेल्या रडरने डोलणं वाढलं, शेपूट तुटलं आणि विमान चालदोवर गावाच्या परिसरात कोसळलं. तिघेही गेले. पॅराशूट विमानात नव्हते. असते तरी फार उपयोग झाला असता असं मला वाटत नाही. शेपूट तुटल्यावर ते विमान कुणाला सरळ बसू देण्याच्या अवस्थेतच नव्हतं.

या तिघांचं कौशल्य कमी होतं, असा अर्थ इथून काढू नये. ओमेगाच्या कॅप्टनकडे अजून हुकमात असलेलं विमान होतं, भले काही सेकंदांपुरतं. शेल ७७ च्या वैमानिकांकडून तेच काढून घेतलं गेलं होतं.

७०७ आणि केसी-१३५ हे एकच विमान आहे ना?

नाही, पण सख्खे आहेत. दोघांचा पूर्वज एकच, बोइंगचं ‘डॅश ८०’ हे प्रायोगिक विमान. केसी-१३५ चं धड थोडं अरुंद आहे आणि ते प्रवासी ७०७ पासून बनवलेलं नाही. पॉइंट मुगूला कोसळलेलं विमान ७०७ होतं. बातम्यांत त्याला कुठे कुठे केसी-१३५ म्हटलेलं सापडतं, ते चूक.

बेचाळीस वर्षांचं विमान वापरलं हीच चूक नव्हती का?

वय हे सोपं उत्तर आहे, म्हणून ते लगेच सुचतं. अमेरिकन हवाई दलाकडे केसी-१३५ आहेत त्यांची बांधणी १९६५ मध्ये संपली आणि ते अजून उडतायत. विमान किती वर्षांचं यापेक्षा कुठला भाग किती उड्डाणं झालेला आणि तो शेवटचा कधी पाहिला, हे मोजलं जातं. जुन्या विमानाचा खरा त्रास म्हणजे त्याच्यासोबत येणारी कागदांची थप्पी. मालक बदलतात, देश बदलतात, दुरुस्तीचे कारखाने बंद पडतात. १९६९ च्या विमानातलं एक फिटिंग ठरल्याप्रमाणे बदललं असतं तर त्या संध्याकाळी ते वयस्कर विमान नेहमीसारखं समुद्रावर गेलं असतं.

पुढे ओमेगाचं काय झालं?

कंपनी बंद पडली नाही. तिच्याकडे आणखी एक ७०७ आणि डीसी-१० पासून बनवलेला टँकर होता, आणि नौदलाचं काम चालू राहिलं. जळालेलं विमान अर्थातच पुन्हा उभं करण्याच्या पलीकडे गेलं होतं.